ऑडॅसिटी सोडावी का? आठ माइक, जुना लॅपटॉप आणि आषाढीच्या आत सहा अभंग

पेटीवाला (सांगली)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊनच बसा.

मी गावभागात राहतो. बँकेतून निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. वरच्या खोलीत भिंतींना जुन्या गोधड्या टांगून 'स्टुडिओ' केलाय (अवतरणचिन्हं बायकोची). अकरा वर्षं सगळं ऑडॅसिटीवर (आवाज रेकॉर्ड करायचं, कातरायचं सॉफ्टवेअर) चाललंय. इंटरफेस (माइक कॉम्प्युटरला जोडायचा डबा) दोन इनपुटचा, म्हणजे एक माइक पेटीला, एक गळ्याला. तबलजी नंतर हेडफोन लावून वरून वाजवणार. नाट्यपदं शिकणाऱ्या मुलामुलींचं रेकॉर्डिंग एवढ्यात आरामात व्हायचं.

आता दोन गोष्टी एकदम झाल्या. मिरजेत एका ऑर्केस्ट्रावाल्याने आवराआवर करताना आठ इनपुटचा यूएसबी इंटरफेस विकायला काढला, तो मी उचलला. आणि आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाने आषाढीच्या आत सहा अभंग रेकॉर्ड करून मागितले. पखवाज, पेटी, बुवा, मागे धरणारे चौघे आणि सहा टाळकरी. ही मंडळी एकमेकांच्या तोंडाकडे बघत गातात. एकेकाला वेगळं बसवून हेडफोन लावा म्हटलं तर उठून जातील.

तर घोडं असं अडलंय की ऑडॅसिटीला आठातले दोनच इनपुट दिसतात. यादीत '१-२', '३-४' असं वेगवेगळं येतं, पण एका वेळी एकच जोडी घेता येते. भाचा म्हणतो सॉफ्टवेअर बदला. कोणी रीपर सांगतं, कोणी आर्डर. लॅपटॉप चौथ्या पिढीचा आय-५, ८ जीबी रॅम, विंडोज १०. जुने साठ-सत्तर प्रोजेक्ट पडून आहेत. बोटांना सवय इतकी की अंधारात कातरून जोडेन.

या वयात नवीन शिकायची हौस आहे, पण आषाढी डोक्यावर आहे. काय करावं?

कुपवाडी

रीपर. धागा संपला.

गुणगुण (बंगळूर, मूळचा विटा)

काका, आधी दोनच इनपुट का दिसतात ते सांगतो, म्हणजे दोष ना तुमचा ना मिरजेच्या ऑर्केस्ट्रावाल्याचा हे कळेल.

विंडोजवर आठ चॅनल एकदम आत घ्यायचा रुळलेला रस्ता म्हणजे असिओ ड्रायव्हर. असिओ ही स्टाइनबर्ग कंपनीची चीज. तिचा परवाना आणि ऑडॅसिटीचा जीपीएल हा मुक्त सॉफ्टवेअरचा परवाना यांचं वर्षानुवर्षं जमत नव्हतं, म्हणून ऑडॅसिटीची अधिकृत आवृत्ती असिओशिवायच वाटली जायची. मग उरतात विंडोजचे स्वतःचे रस्ते, आणि त्यावर बरेच इंटरफेस आपले इनपुट जोड्याजोड्यांनी दाखवतात. तुमच्याकडे नेमकं तेच झालंय.

रीपरमध्ये सेटिंगला जाऊन असिओ निवडा, आठही इनपुट एका रांगेत दिसतील. मी रोज त्यावर जाहिरातींचे आवाज कापतो. इन्स्टॉलर एवढासा, जुन्या लॅपटॉपवर पळतो. साठ दिवस पूर्ण चालवून बघता येतं, कुठलंही बटण बंद नसतं. नंतर घरगुती किंवा छोट्या धंद्यासाठी परवाना ६० डॉलर, म्हणजे पाच हजारांच्या पुढेमागे. मोठ्या धंद्याला २२५ डॉलर. एकदा घेतला की पुढच्या एका मोठ्या आवृत्तीपर्यंत चालतो, दरमहा काही कापलं जात नाही.

तुमच्या वयाच्या लोकांना आवडेल अशी एक गोष्ट: रीपर लिहिणारा जस्टिन फ्रँकेल हाच विनॅम्पचा कर्ता. सायबर कॅफेत ज्यावर आपण गाणी ऐकली तेच ते.

कुपवाडी

"तुमच्या वयाच्या" 😂 काका, ह्याला सोडू नका.

मुक्तछंद (कऱ्हाड)

मी आर्डरच्या बाजूने.

काकांनी विंडोज १० लिहिलंय. त्याचं सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपलं. चौथ्या पिढीच्या आय-५ वर विंडोज ११ अधिकृतपणे चढत नाही. मग सॉफ्टवेअर बदलायचंच आहे तर खालची जमीनही बदला ना. लिनक्स टाका, त्यावर आर्डर. पॉल डेव्हिस या माणसाने उभं केलेलं, संपूर्ण मुक्त स्रोत. इंटरफेस 'क्लास कम्प्लायंट' (यूएसबीच्या ठरलेल्या सामाईक पद्धतीने चालणारा) असेल तर लिनक्सला ड्रायव्हरही लागत नाही, खुपसला की चालू. पेनड्राइव्हवरून लिनक्स लाइव्ह चालवून बघा, लॅपटॉपला धक्का न लावता दहा मिनिटांत उत्तर मिळेल.

दुसरं म्हणजे आर्डरचं सेशन हा साधा फोल्डर असतो. एक एक्सएमएल फाइल आणि बाजूला साध्या वेव्ह फायली. उद्या आर्डर जगातून गेलं तरी आवाज तुमच्या हातात.

चिकित्सक (पुणे)

किरकोळ दुरुस्त्या.

१) आर्डर 'फुकट' आहे असं कोणी समजू नये. सोर्स कोड मुक्त आहे, तयार इन्स्टॉलरसाठी ते पैसे मागतात. रक्कम आपल्या इच्छेवर. मुक्त आणि फुकट यातला फरक मराठीत तरी स्पष्ट आहे, तो आपणच पुसू नये.

२) साध्या वेव्ह फायलींचं कौतुक एकट्या आर्डरचं नाही. रीपरही वेव्हच लिहितं, आणि त्याची प्रोजेक्ट फाइल तर नोटपॅडमध्ये उघडून वाचता येते. वेगळी आहे ती ऑडॅसिटी. मार्च २०२१ मध्ये ३.० आली तेव्हापासून अख्खा प्रोजेक्ट एका एयूपी३ फाइलमध्ये, आणि ती फाइल म्हणजे एसक्यूलाइटचा डेटाबेस. आवाज त्याच्या पोटात. नेआण करायला सोयीचं, पण ते पोट ऑडॅसिटीच उघडणार.

३) ऑडॅसिटीला कमी लेखण्याची फॅशन झाली आहे. १९९९ मध्ये कार्नेगी मेलन विद्यापीठात सुरू झालेलं हे काम २००० साली लोकांसमोर आलं, आणि निम्म्या जगाने आवाज कापायला त्यावरच शिकलं. २०२२ च्या ३.२ पासून चालू आवाजावर इफेक्टही लावता येतात. सोडायचं तर नेमक्या कारणासाठी सोडा.

मुक्तछंद

२०२१ मध्ये म्यूज ग्रुपने ऑडॅसिटी घेतल्यावर टेलिमेट्रीचा (वापराची माहिती कंपनीकडे पाठवण्याचा) गोंधळ झाला होता, तेही सांगा की चिकित्सकराव.

चिकित्सक

झाला होता, लोकांनी आरडाओरडा केला, त्यांनी तो बेत मागे घेतला. अपडेट तपासणं आणि बिघाडाचा अहवाल पाठवणं एवढंच राहिलं. काकांच्या पखवाजाशी याचा संबंध काय?

मंडपवाला (तासगाव)

राम राम. मी बारा वरसं साउंड लावालोय. जत्रा, कीर्तन सप्ताह, लगीन, सगळं. काका, तुमी सॉफ्टवेअर सॉफ्टवेअर करालाय, पन खरा घोळ फुडं हाय.

एका खोलीत तेरा मानसं आनि आट माइक. टाळ समद्या माइकात शिरनार. बुवाच्या माइकात टाळ, पेटीच्या माइकात टाळ, पखवाजाच्या माइकात बी टाळ. मंग ट्रॅक आट असू द्या न्हाईतर ऐंशी, टाळ कमी करता येत न्हाई. बुवा एका ठिकानी चुकला आनि तुमी म्हनला फकस्त बुवाचा ट्रॅक बदलू, तर जुना चुकलेला बुवा पखवाजाच्या माइकात गातोयच. भुतासारखा.

म्हनून टाळकरी दाराबाहेर व्हरांड्यात बसवा, दार उघडं ठेवा, त्येंना बुवा दिसला पायजे. त्येंना माइक लावूच नका. जेवडा आत येतोय तेवडा टाळ पुरतो, वर उरतो. दोन माइकातलं अंतर माइक आनि वाजवनाऱ्याच्या अंतराच्या तिप्पट ठेवा. माइक पेटीपासनं एक फूट असला तर बाजूचा माइक तीन फूट लांब. जुना नियम हाय, पन चालतोय.

आनि पखवाजाची कनीक! धुमेला, म्हंजी डाव्या तोंडाला, लावलेली कनीक तासाभरात वाळाय लागती, धूम बदलती. सकाळच्या टेकमदला तुकडा दुपारच्या टेकात जोडला की लगेच कळतंय. जोडकाम करायचं आसंल तर कनीक परत लावून, सूर बघून, त्याच बसनीत करा.

लॅपटॉपबद्दल माझं मत इचाराल तर नगोच. मी थेट मिक्सरवरनं पेनड्राइव्हात आट ट्रॅक घेतोय. हँग न्हाई, अपडेट न्हाई.

गुणगुण

मंडपवालादादा, हा प्रतिसाद अख्ख्या धाग्याचा बाप आहे.

पेटीवाला

दादा, व्हरांड्याची कल्पना डोक्यातच आली नव्हती. आमचा व्हरांडा रस्त्याकडे आहे, रिक्षाही मंडळात सामील होतील. रात्री दहानंतर बघतो. मिक्सर मात्र परवडणारा नाही, इंटरफेसवर पेन्शनचा हप्ता आधीच गेलाय.

आज पेनड्राइव्हवरून लिनक्स चालवून पाहिलं. आठही इनपुट दिसले! पण इंटरफेसची स्वतःची जी खिडकी असते, ज्यातून गेन (माइकचा आवाज किती जोरात घ्यायचा ते) वगैरे बघता येतं, ती तिथे नाही. पासवर्ड, टर्मिनल, 'परवानगी नाकारली', हे बघून छातीत धडधड वाढली. मुक्तछंद, राग मानू नका, आषाढीनंतर नक्की.

मुक्तछंद

राग कसला काका. रीपरही लिनक्सवर चालतं, एवढं फक्त लक्षात ठेवा.

जवारी (मिरज)

मी गाणं शिकवते. तुमच्या त्या असिओ-बिसिओतलं मला काही कळत नाही, फोनवर रेकॉर्ड करते आणि शिष्यांना पाठवते. दोन गोष्टी विचारायच्या आहेत.

एक. तंबोरा कुठला घेणार? मशीनचा घेणार असाल तर मिरजेच्या शेजारी राहून ही कंजुषी करू नका. आमच्या गल्लीत भोपळ्यावर पॉलिश चालू असतं तेव्हा क्लासमध्ये वास येतो. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा पेढे खाल्लेत आम्ही. खरा तंबोरा आणा, मी देते. फक्त जवारी लावून (तारांखालची घोडी घासून नीट करून) घेतल्याशिवाय माइकसमोर ठेवू नका. खोलीत गोड वाटणारी तार माइकात खरखरते.

दोन, आणि हे जरा टोचेल. काका, साठ-सत्तर प्रोजेक्ट 'पडून' आहेत म्हणालात. त्यातली पूर्ण किती झाली? कोणी ऐकली किती? सॉफ्टवेअर बदलल्यावर ती सत्तर कुठे जाणार? माझ्या गुरुजींच्या कॅसेटी मी अशाच 'नंतर करू' म्हणत ठेवल्या होत्या. बुरशी लागली.

पेटीवाला

ताई, टोचलं. बरोबर जागी टोचलं, म्हणून काल उत्तर लिहिलं नाही.

पूर्ण झालेली चौदा. मोजली. बाकी कुणाचा एक अंतरा, कुणाची पेटी नुसतीच, कुठे 'चाचणी २ नवीन अंतिम खरी'.

आणि एक गोष्ट इथे कधी सांगितली नव्हती. आमच्या मंडळाचे आधीचे बुवा २०२० मध्ये गेले. त्यांच्याकडे एका अभंगाची चाल होती, त्यांच्या वडिलांकडून आलेली, दुसऱ्या कुणाच्या तोंडी मी ऐकली नाही. २०१८ मध्ये मी ती चाळीस मिनिटं रेकॉर्ड केली. नुसते बुवा आणि चिपळ्या, एक माइक. पुढे २०१९ चा ऑगस्ट, महापुराचा. तेव्हा कॉम्प्युटर खालच्या खोलीत होता. पाणी गल्लीच्या तोंडाशी आलं तेव्हा लाईट जायच्या आत मी घाईघाईने पेनड्राइव्ह लावला आणि सगळ्या प्रोजेक्टच्या फायली ओढल्या. प्रत्येक फाइलच्या शेजारी '_डेटा' नावाचा एक फोल्डर होता. तो मला कचरा वाटला. वेळ कमी, पेनड्राइव्ह लहान, तो सोडला.

पाणी उतरल्यावर दुसऱ्या मशीनवर पेनड्राइव्ह उघडला. बुवांची फाइल चोवीस केबी. चाळीस मिनिटांचा माणूस चोवीस केबीत कसा मावेल, हा साधा प्रश्न त्या संध्याकाळी मला पडला नव्हता. सीपीयूमध्ये गाळ बसला होता.

दोष कुणाचाच नाही, माझाच. सॉफ्टवेअर बदलायचं ठरवत नाहीये त्यामागे कुठेतरी हेही आहे, की नव्या घराच्या खोल्या मला ठाऊक नाहीत. परत काहीतरी कचरा समजून टाकेन.

चिकित्सक

वाईट वाटलं वाचून. तुमच्याच बाबतीत नव्हे, जगभर ही चूक झाली आहे. जुन्या एयूपी फाइलमध्ये फक्त नकाशा असायचा: कुठला तुकडा कुठे, कुठे कापलं, किती आवाज. खरा आवाज '_डेटा' फोल्डरमध्ये एयू नावाच्या तुकड्यांत. एक तुकडा जास्तीत जास्त एक एमबीचा, म्हणजे साधारण सहा सेकंदांचा. सगळं एका फाइलमध्ये कोंबण्याचा ३.० मधला निर्णय यामुळेच झाला. मी वर त्या पोटाला नावं ठेवली होती, ती अर्धी मागे घेतो.

गुणगुण

काका, त्या मशीनमधलं काहीही, कधीही, कुणी कॉपी केलं होतं का? फोटो, लग्नाचे व्हिडिओ, काहीही?

पेटीवाला

भाच्याने २०१८ च्या दिवाळीत फोटो नेले होते. विचारतो.

मंडपवाला

इचाराच काका. ही पोरं कायबी डिलीट करत न्हाईत.

पेटीवाला (पाच दिवसांनी)

उशीर झाला, मंडळाची पहिली बैठक झाली म्हणून. आधी त्याचं सांगतो.

रीपर घातलं, साठ दिवसांची मुदत चालू आहे. पहिल्या दिवशी शिवी आली तोंडात. ऑडॅसिटीत कापलं की कापलं जातं. इथे कापलं तर तुकडा नुसता झाकला जातो, कडा धरून ओढली की परत बाहेर येतो. दोन दिवस मला ते भूत वाटलं, तिसऱ्या दिवशी उपकार वाटले. लेखी परीक्षेत पेन्सिलने लिहायची परवानगी मिळाल्यासारखं.

गुणगुणने फोनवर सेटिंग सांगितली: ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, बफर १०२४. मी म्हटलं, बफर जास्त म्हणजे आवाज उशिरा येणार ना? तो म्हणाला, काका, सगळे समोरासमोर बसलेत, हेडफोन कुणालाच नाही, ते २१ मिलिसेकंद कुणाला जाणवणार? लॅपटॉपला श्वास घेऊ द्या. नंतर तंबोरा वरून घालताना तेवढा २५६ वर आणला. पखवाजाच्या ट्रॅकला सुई उणे बारा डेसिबलच्या खाली राहील असा गेन ठेवला; २४ बिटमध्ये कमी घेतलं तर नुकसान नाही, जास्त घेतलं तर एका 'धा'ला सगळं फाटतं. तासाला साधारण चार जीबी भरतात. वायफाय बंद. लायसन्सची फाइल असते, इंटरनेट लागत नाही, त्यामुळे हा लॅपटॉप आता नेटला जोडायचाच नाही असं ठरवलं. विंडोज १० चा प्रश्न माझ्यापुरता मिटला.

टाळकरी व्हरांड्यात बसले. रात्री साडेदहा. तिसऱ्या टेकला शेजारचे आजोबा चटई घेऊन येऊन बसले आणि त्यांनीही मागे धरायला सुरुवात केली. ते काढता येत नाहीत. काढायचेही नाहीत, मंडळाने ठराव केला.

तालाचं एक राहिलं. रीपर पडद्यावर चौकोन आखून देतं आणि तुकडा हलवला की तो चौकोनाला जाऊन चिकटतो. आमचा अभंग सुरू होतो एका लयीत, संपतो दीडपट लयीत. चिकटणं बंद करायला कुठलं बटण आहे ते सापडेपर्यंत मी पखवाजाचे तीन तुकडे पार बिघडवले. (पण ते परत बाहेर आले!)

दरम्यान ताईंच्या टोमण्यावरून जुन्या प्रोजेक्टचे एकेक ट्रॅक वेव्ह करून बाहेर काढतोय. चौदा पूर्ण, नऊ अर्धे झाले. ताई, एक नमुना तुम्हाला पाठवलाय, ऐका.

जवारी

ऐकला. काका, ही मुलगी काळी चारमध्ये गाते, माझ्याच क्लासची आहे. हे पद पांढरी पाच आणि काळी तीनच्या बरोब्बर मधे पडलंय. अशी पट्टी कुठल्याच पेटीवर नसते! आणि ती एवढी सुस्तही कधी गात नाही. काय केलंत?

चिकित्सक

मी सांगतो काय केलं असेल. मूळ रेकॉर्डिंग सेकंदाला ४८ हजार नमुन्यांचं, आणि ऑडॅसिटीत ट्रॅकच्या मेनूतला 'रेट' ४४,१०० केला. बरोबर? तो बदल म्हणजे रूपांतर नव्हे. तेच नमुने सावकाश वाजवा, एवढंच तो सांगतो. आवाज दीड सेमीटोनपेक्षा (पेटीच्या लगतच्या दोन पट्ट्यांतलं अंतर म्हणजे एक सेमीटोन) किंचित कमी उतरतो, आणि पाच मिनिटांचं पद जवळपास साडेपाच मिनिटांचं होतं. तुम्हाला 'रीसॅम्पल' हवं होतं, ते ट्रॅकच्या मेनूत नाही, वरच्या मेनूत आहे. मुळात इथे तेही नको, आहे त्या रेटला बाहेर काढा; रीपर वेगवेगळे रेट स्वतः सांभाळतं.

कुपवाडी

ताईंनी कानाने जे पकडलं ते चिकित्सकांनी कॅलक्युलेटरने पकडलं. मी चहा पीत होतो.

पेटीवाला

बरोबर. नऊच्या नऊ तशाच काढल्यात. परत करतो. आधीच्या चौदांना हात लावला नव्हता, देव पावला.

गुणगुण

काका, बाहेर काढताना अजून एक बघा: 'सुरुवातीची रिकामी जागा गाळा' अशी खूण असेल तर ती काढा. नाहीतर दुसऱ्या मिनिटाला येणारा तबला पहिल्या सेकंदाला येऊन बसेल. आणि भाचा?

पेटीवाला (रात्री १:४०)

झोप येत नाहीये म्हणून लिहितो.

भाच्याकडे होतं. सगळं नाही. त्याने २०१८ मध्ये फोटोंसोबत अख्खा डी ड्राइव्हच ओढला होता, आणि कॉपी मधेच तुटली होती. बुवांचा '_डेटा' फोल्डर आहे त्यात. तुकडे मोजले. तीनशे अकरा. चिकित्सकांच्या हिशोबाने चाळीस मिनिटांचे चारशे हवेत.

माझ्या पेनड्राइव्हवरची ती चोवीस केबीची फाइल अजून होती. सात वर्षं ती का ठेवली, मला माहीत नाही. दोन्ही शेजारी ठेवून उघडायची हिंमत होत नाहीये. काही बिघडलं तर?

चिकित्सक

थांबा. आधी दोन्हींची वेगळी प्रत काढा, मूळ बाजूला ठेवा. ३.० च्या आधीच्या ऑडॅसिटीत उघडा; ती '_डेटा'मधले तुकडे हरवले आहेत अशी सूचना देईल आणि पर्याय विचारेल. कायमची शांतता भरण्याचा पर्याय निवडू नका. फक्त या वेळेपुरती शांतता असा पर्याय असतो, तो घ्या. मग लगेच वेव्ह म्हणून बाहेर काढा, दुसरं काहीही करू नका.

आणि एक धीराची गोष्ट. तुकड्यांची नावं वेळेच्या क्रमाने नसतात. त्यामुळे कॉपी अर्धवट राहिली तरी शेवटची नऊ मिनिटं एकगठ्ठा जात नाहीत. भोकं सगळीकडे विखुरलेली असतात, सहा-सहा सेकंदांची.

मुक्तछंद

काका, उघडलं का?

मंडपवाला

सकाळपास्नं चार येळा धागा उगडला म्या.

पेटीवाला

उघडलं.

बुवा खोकले आधी. मग "घे" म्हणाले, मला वाटतं मलाच. मग चिपळ्या. मग गाणं, आणि गाण्यात खड्डे. ओळ अर्ध्यावर जाते, सहा सेकंद काही नाही, मग पुढच्या ओळीच्या मधूनच बुवा बाहेर येतात, जणू खोलीबाहेर जाऊन आले. काही ठिकाणी दोन खड्डे लागोपाठ आहेत. बायको दारात उभी राहून ऐकत होती, म्हणाली लाईट येतेय-जातेय तसं वाटतंय.

वेव्ह काढली. तीन ठिकाणी ठेवली, एक भाच्याकडे. रीपरमध्ये घेतली.

ताई, तुम्हाला पाठवली आहे. चाल कळते का सांगा. मला पहिलं चरण लागतं, दुसऱ्याच्या शेवटी नेमका खड्डा आहे.

जवारी (दुसऱ्या दिवशी)

काका, चाल पूर्ण आहे.

तुम्ही सरळ ऐकत गेलात म्हणून खड्डे मोजलेत. बुवा भजनातले, प्रत्येक चरण चार-चार वेळा घेतलंय, आणि मधे ध्रुवपद. दुसऱ्या चरणाचा शेवट पहिल्या वेळी खड्ड्यात गेलाय, दुसऱ्या वेळी अर्धा गेलाय, तिसऱ्या वेळी अख्खा आहे. तिथे त्यांनी कोमल निषाद घेतलाय, इतका हलका की मी तीनदा मागे जाऊन ऐकला. शेवटचं चरण मात्र दोनदाच घेतलंय. त्यातली एक जागा दोन्ही वेळा गेली आहे, जेमतेम तीन-चार सेकंदांची. तेवढी मी माझ्याकडून भरणार नाही. तुमच्या मंडळात ज्यांनी बुवांच्या मागे धरलंय असं कोण उरलंय?

पेटीवाला

शेजारचे आजोबा. चटईवाले.

कुपवाडी

आता त्यांना माइक द्या.

मंडपवाला

आनि व्हरांड्यात नगो. आत बसवा.

पेटीवाला

शनिवारी रात्री बैठक आहे. सहाऐवजी सात अभंग होणार, मंडळाला सांगितलंय. आजोबांसाठी आठवा इनपुट मोकळा ठेवलाय. ताई, तंबोरा घेऊन याल ना? जवारी लावून.